लाल ठिपक्याचा कंट्रोल

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि खरं सांगायचं तर वाचताना निम्म्या वेळा हसते. रागावू नका. मी मुळातच संशयी बाई आहे. दूधवाल्याचं माप, भाजीवालीचा काटा आणि लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाचं ‘मुलगा अगदी निर्व्यसनी आहे हो’ यातल्या कशावरच मी कधी विश्वास ठेवला नाही, तिथे भुताखेतांवर कुठून ठेवणार? आमचे हे म्हणायचे, तुला देव भेटला तर तू आधी त्याचं रेशनकार्ड मागशील. ते काही खोटं नव्हतं.

तरी आज लिहायला बसले आहे. कारण हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्याच घरात घडलं, मीच पाहिलं, पुन्हा पुन्हा तपासलं... आणि यात माझ्या नवऱ्याचा जीव अडकला होता, म्हणून यावर मला हसता येत नाही.

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. हे बोईसरला एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात नोकरीला आले, आणि कारखाना बंद पडल्यावर ऐंशी सालाच्या आसपास त्यांनी तारापूर रस्त्यावर रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. एक शटर, आत एक बाक, वर माळा. घर मागच्या गल्लीत, चाळीतल्या दोन खोल्या. हे बाकावर बसायचे आणि मी पुढे, गिऱ्हाइकांशी बोलायला. म्हणजे संशय घ्यायला, असं हे म्हणायचे.

ह्यांच्या कामाची एक पद्धत होती. कुठलीही वस्तू फेकायची नाही. मेलेला रेडिओ आला की तो उघडून चालू भाग सोडवायचे. स्पीकर एका डब्यात, ट्रान्सफॉर्मर दुसऱ्यात, बटणं तिसऱ्यात. बिस्किटांचे पत्र्याचे डबे नुसते माळाभर. मग कुणाचा सेट आला की त्या डब्यांतला भाग बसवून द्यायचे, आणि तो जुना आहे हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचे. लपवालपवी नाही. ‘हा कशाला मरतोय एवढ्यात’ असं एखाद्या कंडेन्सरबद्दल इतक्या मायेने बोलायचे की माझ्याबद्दल तसं कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

आपण तपासून बसवलेल्या भागावर ते माझ्या नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायचे. दुसरीकडे कुठे भाग बदलला गेला तर ओळखू यावा म्हणून. माझी एकच बाटली होती, भडक लाल, भावाच्या लग्नात घेतलेली. माझ्या नखांना ती दोनदा लागली असेल. बाकी सगळी बोईसरच्या रेडिओंना.

दुसरं काम भंगाराचं. औद्योगिक वसाहतीतून जुनी पॅनेलं, रिले, केबलींची वेटोळी लिलावात निघायची. हे ती आणायचे. दुकानामागे एक अर्धा कापलेला ड्रम होता, त्यात केबली टाकून पेटवायच्या. वरचं प्लास्टिक जळून गेलं की खाली तांबं उरतं. त्या काळात सगळेच तसं करत. काळा, तेलकट, घशाला चिकटणारा धूर. मी ओरडायचे, हे तोंडाला रुमाल बांधायचे आणि पुन्हा ड्रमवर वाकायचे.

आता मूळ गोष्ट.

एकदा केळव्याहून राऊत म्हणून एक वाडीवाले आले. नारळ-सुपारीची मोठी वाडी असलेले. सोबत लाकडी पेटीचा मोठा ट्रान्झिस्टर. पेटीला वाळवी, स्पीकर उंदरांनी कुरतडलेला. म्हणाले, काकी गेली, आता घरात हा कोणी वाजवत नाही. फेकून द्यायला जीव होत नाही म्हणून तुमच्याकडे आणला. मग आपण होऊनच सांगायला लागले. त्यांचे काका अर्धांगाने कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळलेले होते. रेडिओ उशाशी. त्यांना रेडिओ बंद केलेला खपायचा नाही, लगेच जाग यायची. म्हणून त्यांचा डोळा लागला की काकी हळूच आवाज बारीक करायची. बंद नाही, फक्त बारीक. बटणावर हात ठेवून बसून राहायची.

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, जुनी वस्तू देणारा माणूस सोबत एक गोष्ट देतोच.

ह्यांनी तो सेट सोडवला. कामाचं फारसं काही निघालं नाही, पण आवाजाचा कंट्रोल मात्र उत्तम. रेडिओचं बटण आपण फिरवतो त्याच्या मागे, आत, तो एक गोल डबीएवढा भाग असतो. जुना झाला की फिरवताना खरखरतो. हा लोण्यासारखा फिरत होता. ह्यांनी तो पुसला, पाठीवर लाल ठिपका दिला आणि डब्यात टाकला.

थोड्याच दिवसांत तो कदमांच्या सेटमध्ये गेला. कदम साताऱ्याकडचे, तार ओढण्याच्या कारखान्यात कामाला. घरी बायको आणि वडील. सेट घेऊन गेले आणि आठवडाभरात परत आले. म्हणाले, वहिनी, आवाज आपोआप कमी होतो. ह्यांनी दिवसभर सेट बाकावर वाजवला. खणखणीत. कदम घेऊन गेले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आले तेव्हा मला खात्रीच पटली की कदमांना सेट बदलून हवाय आणि सरळ मागायला जीभ रेटत नाही. शिवाय दुकानात दोन माणसं बसलेली. ‘खराब माल घालतात’ असं एकदा पसरलं की आमच्यासारख्यांचं दुकान उठतं. म्हटलं, चला, मीच येते तुमच्या घरी.

गेले. कदमांच्या बायकोने चहा टाकला. सेट फळीवर ठेवला. मी बटणावरच्या पांढऱ्या रेघेसमोर पेटीवर पेन्सिलीने बारीक खूण केली. मी कशी बाई आहे ते सांगितलंच आहे. वडील खाटेवर पेपर वाचत होते. ताठ, खणखणीत म्हातारा, मला म्हणाला, रेडिओला पण वहिनी डॉक्टरीण लागते वाटतं. सगळे हसलो. एक भावगीत चालू होतं. गाणं अर्ध्यात आलं आणि आवाज उतरला. एकदम नाही, हळूहळू, निजलेल्या माणसाची झोप मोडू नये असा. फळीजवळ कोणी नव्हतं. मी उठून पाहिलं तर पांढरी रेघ माझ्या खुणेच्या बरीच खाली.

मी म्हटलं, हादऱ्याने होत असेल. रूळ जवळच, मालगाड्या सारख्या जात असतात, बटण सैल असेल. सैल नव्हतं. मी बोटाने फिरवून पाहिलं, चांगलं घट्ट होतं. पण तेव्हा मी तसंच म्हटलं आणि घरी आले.

त्याच महिन्यात कदमांचे वडील दुपारच्या झोपेत गेले. कदम सेट परत घेऊन आले. तक्रार काही केली नाही. एवढंच म्हणाले की घरात नको वाटतो. आम्ही त्यांना दुसरा दिला. मला म्हाताऱ्याचं वाईट वाटलं, पण त्याचा रेडिओशी संबंध जोडण्याइतकी मी खुळी नव्हते.

तो कंट्रोल पुढे जानीबायच्या सेटमध्ये गेला. जानीबाय मासवणच्या पुढच्या एका पाड्यावरची. पावसाळ्यात कंटोळी-काकड्या घेऊन बोईसरच्या बाजाराला यायची, भात कापून झालं की घरातली सगळी वीटभट्टीवर कामाला जायची. भट्टीवरून आल्यावर तिच्या मुलाने आमच्याकडून एक छोटा जुना ट्रान्झिस्टर नेला होता. दोन-तीन महिने काही तक्रार नाही. मग एक दिवस ती दुकानासमोर आली, टोपली खाली ठेवली, आणि वर न चढता तिथूनच माझ्याकडे बघत राहिली. नजर अशी की मीच तिचं काहीतरी चोरलंय.

म्हणाली, "बाय, एक इचारू? तुमी हितं बसून आमचा रेडिओ बारीक करता का?"

मला हसू आलं. ती हसली नाही.

"नातू तापला होता. आमाला वाटलं साधा ताप हाय, जाईल. रेडिओ आपला बारीकच. सेल नवे घातले तरी बारीक. पोराला बाहेर पडवीत नेला का मोठा होई, आत आनला का बारीक. मंग मला भ्या वाटलं. दवाखान्यात नेला तर डॉक्टर बोलला, छाती भरली हाय, बरा आनलास. आता पोरगा बरा झाला, रेडिओ पन मोठा झाला. तर आमच्या घरातलं तुमाला कसं समजलं?"

मी तिला समजावलं की बाई, बोईसरातून मासवणचा रेडिओ कमी-जास्त करता येत नाही. तशी सोय अजून निघालेली नाही. तिचा विश्वास बसला नाही. मी दूधवाल्याकडे बघते तशी ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्याइतकं संशयी माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटलं.

ती गेल्यावर मी ह्यांना विचारलं, जानीबायच्या सेटमध्ये कंट्रोल कुठला? ह्यांना असल्या गोष्टी बरोबर आठवायच्या. म्हणाले, तो केळव्याचा, मधे कदमांकडे होता तो. अंगावर काटा वगैरे आला नाही, पण जेवताना घास घोळत राहिला एवढं खरं.

पुढच्या वर्षी भट्टीवरून परत येताना जानीबायच्या घरच्यांचं सामान टेंपोतून ओढ्यात पडलं. त्यात तो ट्रान्झिस्टर भिजून गेला. ह्यांनी त्यांना दुसरा जुना सेट दिला आणि भिजलेला उघडून बसले. सगळं गंजलेलं, कामातून गेलेलं. आणि तो कंट्रोल मात्र वाळवल्यावर पुन्हा लोण्यासारखा. पाठीवर माझ्या नेलपॉलिशचा ठिपका तसाच, टवका पण उडालेला नाही.

मी म्हटलं, हा फेकून द्या. हे म्हणाले, अगं, चालू कंट्रोल आहे. मी म्हटलं, मला कारण विचारू नका, फेका. माझा आवाज ऐकून ह्यांनी तो मुकाट कचऱ्याच्या डब्यात टाकला. माझ्या डोळ्यांदेखत. आणि माझ्यासारख्या बाईने त्यावर विश्वास ठेवला.

काही महिने गेले. दिवाळी झाली. आमच्या घरचा रेडिओ बरेच दिवस खरखर करत होता, तो एकाएकी बरा झाला. विचारलं तर हे म्हणाले, साफ केला. बरं, म्हटलं.

मग आवाज उतरायला लागला.

आधी मी ज्योतीला धरलं. ज्योती आमची मुलगी, तेव्हा पालघरला कॉलेजात जायची. अभ्यासाच्या नावाखाली हीच कमी करत असेल असं मला वाटलं. ती शपथेवर नाही म्हणाली, मी शपथ मानत नाही म्हणाले, दोन दिवस मायलेकींचा अबोला. मग शेजारणीवर संशय. तिला आमच्या रेडिओचा त्रास व्हायचा, पण ती बिचारी भिंतीपलीकडून बटण कसं फिरवणार? मग व्होल्टेज. बोईसरात त्याचं रडगाणं नेहमीचंच. म्हणून मी सेल घालून लावला. तरी तेच. मग हेच उरले.

आणि ह्यांच्यावर माझा त्या दिवसांत वेगळाच संशय होता. जो माणूस जन्मात चहाची कपबशी विसळत नाही, तो अचानक स्वतःचे रुमाल स्वतः धुवायला लागला होता. पहाटे, मोरीत, मी उठायच्या आधी. आता बायकोच्या मनात काय येईल ते बायकांनी समजून घ्यावं. मी रुमाल हुंगूनसुद्धा पाहिले. साबणाचा वास. बाकी काही नाही.

एका दुपारी हे दुकानात असताना मी पेचकस घेतला आणि रेडिओचं मागचं झाकण उघडलं. इतकी वर्षं बाकाशेजारी बसून तेवढं मला येत होतं. आत बघितलं. कंट्रोलच्या पाठीवर लाल ठिपका. तोच भडक लाल. दुसऱ्या कुणाचा असणं शक्यच नव्हतं.

संध्याकाळी विचारलं. हे म्हणाले, चांगली वस्तू होती गं, फेकायला जीव झाला नाही. केळव्याच्या राऊतांचे जवळजवळ तेच शब्द. मला राग यायला हवा होता. पण रागाच्या आधी भीती आली, कारण माझ्या डोक्यात कदमांचे वडील आले आणि जानीबायचा नातू आला. आणि घरात माणसं तीनच.

तुम्ही म्हणाल, एवढं वाटत होतं तर तो कंट्रोल काढून फेकायचा. पण मी तशी नाही. मला आधी खात्री हवी. रविवारी सकाळी मी सगळ्यांना खोलीत बसवलं, रेडिओ लावला, बटण वरपर्यंत फिरवलं आणि रेघेसमोर पेन्सिलीची खूण केली. थोड्या वेळाने आवाज उतरला. मी ज्योतीला शेजारी पाठवलं. आवाज तसाच, खाली. तिला आत बोलावलं आणि मी स्वतः बाहेर जाऊन खिडकीशी उभी राहिले. तसाच. माझा जीव अर्धा झाला, पण मी आत आले आणि ह्यांना म्हटलं, तुम्ही जरा कोपऱ्यावरून कोथिंबीर घेऊन या.

हे चपला घालून बाहेर पडले. मी बटणाकडे बघत बसले. घड्याळाचा मिनिटकाटा सरकताना दिसत नाही, पण सरकलेला असतो ना, तसं ते बटण फिरलं. आवाज वर आला, पार माझ्या खुणेपर्यंत. खोली भरून गाणं. ज्योती माझा हात धरून उभी होती, तिने पण पाहिलं. मग जिन्यावर ह्यांची पावलं वाजली, दार ढकललं, आणि हे हातात कोथिंबीर घेऊन आत आले तसा तो हळूहळू, हळूहळू बारीक होत गेला.

मी ज्योतीला आत जायला सांगितलं. मग ह्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "रुमाल दाखवा."

"कसला रुमाल?"

"खिशातला. आजचा. न धुतलेला."

ह्यांनी काढला. काळे डाग होते आणि त्यात रक्ताची रेघ. आम्ही दोघं त्या रुमालाकडे बघत बसलो, आणि रेडिओ इतका बारीक लागला होता की कुठलं गाणं ते कळत नव्हतं. मला त्या क्षणी रडू आलं. दुसऱ्या बाईचा संशय खरा निघाला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. तसं मी ह्यांना बोलूनही दाखवलं, आणि हे हसले, आणि हसता हसता खोकायला लागले.

दुसऱ्याच दिवशी पालघरला नेलं. छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला, खालच्या भागातले डाग दाखवले आणि विचारलं, विडी किती? हे म्हणाले, आयुष्यात नाही. मग मीच ड्रमबद्दल सांगितलं. केबली, प्लास्टिक, तो धूर, सगळं. डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, औषधं देतो, पण तो धूर आजपासून बंद. तो चालू राहिला तर माझ्या औषधाचा काही उपयोग नाही.

घरी आल्यावर मी ड्रम पालथा केला आणि त्यावर तुळशीची कुंडी ठेवली. त्यानंतर ह्यांनी कधी केबल जाळली नाही. दुकानात बसून ब्लेडने एकेक केबल सोलायचे. अर्ध्या तासाचं काम चार दिवस चालायचं. आजूबाजूचे भंगारवाले हसायचे, म्हणायचे, साहेब भेंडी चिरतायत. पण तांबं स्वच्छ निघायचं आणि सोललेलं प्लास्टिक पण कोणीतरी घेऊन जायचं. हळूहळू ह्यांचा खोकला थांबला. आणि आमच्या रेडिओचा आवाज वर येत गेला. मी पेटीवर खुणा करत होते, एकीच्या वर एक, मुलांची उंची दाराच्या चौकटीवर करतात तशा. सगळ्यात वरच्या खुणेला तो पोचला तेव्हा ज्योतीचं लग्न ठरत होतं.

काही वर्षं छान गेली. मग रंगीत टीव्ही आले, जुना द्या नवा न्या अशा जाहिराती आल्या, लोक रेडिओ दुरुस्त करायचे थांबले. ज्योतीने हट्टाने आम्हाला टीव्ही घेऊन दिला. दुकानदार म्हणाला, जुना रेडिओ द्या, थोडे कमी करतो. हे आणि मी एकदमच नाही म्हणालो.

मागच्या वर्षी हे गेले. त्याआधी काही दिवस रेडिओ उतरला होता. ह्यांनी पाहिलं, मी पाहिलं. ह्यावेळी कोणालाच कोथिंबीर आणायला पाठवलं नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली, वयही झालं होतं. रोज सकाळी चहा घेऊन आम्ही दोघं पेटीला कान लावून बातम्या ऐकायचो, एवढ्या बारीक आवाजात की शेजारणीला वाटलं आमचं भांडण झालंय.

दुकान मला रिकामं करावं लागलं. चालू भागांचे डबे मी पालघरच्या एका तंत्रशाळेला दिले, मुलांना शिकायला. उरलेल्या केबली भंगारवाल्याला दिल्या, तेही त्याच्याकडून जाळणार नाही असं वदवून घेऊन. आणि तरी दोनदा त्याच्या गोदामामागे जाऊन धूर निघतोय का ते बघून आले. रेडिओ तेवढा दिला नाही.

ज्योतीचं म्हणणं असं की मी रुमाल पाहिलेच होते, मनात कुठेतरी मला कळलंच होतं, बाकी भास. असेल. ती शिकलेली आहे. पण भासाने बटण फिरतं का, असं विचारलं की ती विषय बदलते. जावई म्हणतात, आतला कार्बन झिजला असणार. मी विचारलं, मग माणूस खोलीबाहेर गेला की तो परत कसा भरतो? ते चहा प्यायले. केळव्याच्या त्या काकी, कदमांचे वडील, जानीबायचा नातू, सगळं मी मांडून पाहते आणि काही जुळत नाही. मी विश्वास ठेवते असंही नाही. फक्त मला दुसरं काही सापडलेलं नाही, आणि शोधण्यात मी कमी पडले असं मला ओळखणारा कोणी म्हणणार नाही.

एक गोष्ट मी ज्योतीलाही सांगितलेली नाही. हे गेले त्या सकाळची.

ह्यांना नेहमीच्या खुर्चीत बसवून, रेडिओ लावून मी आत चहा टाकायला गेले होते. बाहेरून ती बारीक कुजबुज जेमतेम ऐकू येत होती, रोजच्यासारखी. मी आलं किसत होते. आणि आवाज वर यायला लागला. हळूहळू. बातम्या स्पष्ट ऐकू यायला लागल्या, मग खोलीभर, मग पार वरच्या खुणेपर्यंत. इतक्या दिवसांनी तो मोठा आवाज ऐकून मला, खरं सांगते, आनंद झाला. वाटलं, ह्यांना आज बरं वाटतंय, पाय मोकळे करायला बाहेर पडले. मी आतूनच विचारलं, "अहो, निघालात का?"

उत्तर आलं नाही म्हणून दोन कप घेऊन बाहेर आले. दाराची कडी आतून लावलेली होती आणि हे खुर्चीतच होते.